तांबड्या किल्ल्यावरचा आळ

"हात लावू नका! चार दिवस राबलोय आम्ही!" स्वप्नाली किल्ल्यासमोर हात पसरून उभी राहिली.

पण हरिश्चंद्रकाकांच्या हातात पहार होती. इंद्रलोक वस्तीतल्या एका सोसायटीचे ते सेक्रेटरी. क्रिकेट बंद, सायकल बंद, गच्ची बंद! दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी केलेला किल्ला त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होता. आता आयतं निमित्त मिळालं होतं. टाकीच्या दुरुस्तीला आणलेली सिमेंटची गोणी गायब झाली होती.

"राबलात? चोर लेकाचे! मातीचा किल्ला एवढा टणक असतो का? सिमेंट आहे हे!"

"उत्तनच्या टेकडीची माती आहे, काका," पराग उसळून म्हणाला. "माझ्या मामाने टेम्पोतून आणून दिली. उन्हात वाळली म्हणून टणक झालीय!"

"चोराच्या उलट्या बोंबा! संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर फोडतो. आणि यापुढे इथे किल्ला कायमचा बंद!"

काका पहार आपटत निघून गेले. दिपेशचे डोळे भरून आले. किल्ला गेला तर गेला, पण सगळ्या सोसायटीसमोर चोर ठरायचं? ते तिघांनाही सहन होईना.

"रडून काय होणारे? गोणी शोधू या!" स्वप्नाली म्हणाली.

त्यांनी जिन्याखाली पाहिलं, मीटररूममध्ये डोकावलं. शेवटी दमून तिघं पंपरूमच्या मागे आले. दिपेश तिथल्या दगडावर टेकला आणि एकदम उठला. "अरे यार! हा दगड परवा तर नव्हता इथे!"

दगडाच्या दुसऱ्या टोकाला जास्वंदीची कुंडी ठेवली होती. वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी टपकत होतं. स्वप्नालीने दगडावरून हात फिरवला. बाजूला बारीक विणीचे ठसे होते. कोपऱ्यावर घडी होती. एका कडेला तर शिवणीचे टाकेसुद्धा उमटले होते!

"हीच गोणी! वरचं पोतं कुणीतरी सोलून काढलंय!"

"काहीतरीच!" पराग म्हणाला. "इथे दिवसभर पाणी टपकतंय. ओल्या जागी सिमेंट वाळणार कसं?"

"मग नव्या प्लास्टरवर गवंडी रोज पाणी का मारतात? वाळावं म्हणून?" स्वप्नालीने विचारलं.

पराग डोकं खाजवू लागला.

"सिमेंट वाळून घट्ट होत नाही, शहाण्या!" ती म्हणाली. " त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि नवाच पदार्थ तयार होतो. मग त्याला कितीही भिजव, पुन्हा सिमेंटची पूड होत नाही."

"आणि आपली माती?"

"ती नुसती भिजते आणि वाळते. भौतिक बदल. पुन्हा पाणी घाल, पुन्हा चिखल..." बोलता बोलता स्वप्नाली थांबली. तिने वळून किल्ल्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सगळे खाली जमले. चेअरमन हंसाबेन खुर्चीवर बसल्या. काकांनी पहार उगारली.

"पहार कशाला, काका?" स्वप्नाली पुढे झाली. तिच्या हातात झाडांना पाणी घालायचा पाइप होता. "सिमेंट असेल तर पाण्याने काही होणार नाही. बघाच!"

तिने पाण्याची धार सोडली. आधी बुरूज खचले. मग तटबंदी ढासळली, दरवाजा बसला, मावळे आडवे झाले. दिपेशने तोंड फिरवलं. स्वप्नालीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिने पाइप सोडला नाही. तांबडा चिखल वाहत वाहत काकांच्या चपलांपर्यंत आला.

"कुठे आहे सिमेंट?" तिने विचारलं.

"आता मागे चला!"

पंपरूममागच्या दगडावर तिने तशीच धार सोडली. दगड ढिम्म!

"हे आहे तुमचं सिमेंट. ही वीण बघा, हे टाके बघा!"

"मूर्खासारखं बोलू नकोस!" काका ओरडले. "इथे सारखं पाणी टपकतं. सिमेंट सुकणारच नाही. मी आपला साधा दगड बघून त्यावर कुंडी..."

ते एकदम थांबले.

"हरिश्चंद्रभाई," हंसाबेन सावकाश म्हणाल्या, "परवापर्यंत ही कुंडी तुमच्या गॅलरीत होती ने? मग ती इथे या दगडावर कशाला आणून ठेवली?"

काकांचा चेहरा पडला. "गोणी मीच ठेवली होती इथे," ते पुटपुटले. "वर एसीचा पाइप आहे हे बघितलंच नाही. दगड झाल्यावर वाटलं, लोक मला हसतील. म्हणून पोतं सोलून वर कुंडी ठेवली..."

"म्हणून पोरांना चोर केलं? शरम नाही वाटली?" हंसाबेन कडाडल्या. मग त्यांनी तिघांना जवळ घेतलं. "शाब्बास! स्वतःचा किल्ला मोडून खरं दाखवलं तुम्ही. आमच्यासारख्या मोठ्यांनाही नसतं जमलं!"

काका मान खाली घालून उभे होते. "चुकलो," ते कसेबसे म्हणाले.

स्वप्नालीला त्यांची मुळीच दया आली नाही. तिने चिखलाचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं. "माती तीच आहे, काका. उचला!"

दिवाळीपर्यंत किल्ला पुन्हा उभा राहिला, पंपरूमच्या मागे. तो दगड हलेना की फुटेना, म्हणून पोरांनी त्यावरच बालेकिल्ला बांधला. समोर दिपेशने पाटी लावली: "पायाचा दगड हरिश्चंद्रकाकांकडून सप्रेम भेट!"