आवाजांच्या खोलीतली खुर्ची

दारावरचा लाल दिवा मी पाहिलाच नाही. आत शिरले आणि जोरात शिंकले.

मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाने डोळे मिटून घेतले. मग हेडफोन काढत तो म्हणाला, “तरी म्हटलं, आज सगळं इतकं सुरळीत चाललंय... माशी कशी शिंकली नाही अजून!”

“मी माशी?”

“लाल दिवा लागलेला असताना आत येते ती माशीच. बसा.”

रेडिओ केंद्राच्या तळघरात जुन्या ध्वनिफिती जपून ठेवण्याची ही खोली. मी एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि ते वाचनालय उन्हाळ्यात बंद व्हायचं होतं. आमच्या निवृत्त झालेल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “रडत काय बसतेस? माहिती जिथे साठते, तिथे आपलं काम असतं. चार ठिकाणी जाऊन बघ तरी.” म्हणून मी हिंडत होते. वकिलांच्या कचेरीतला संग्रह पाहिला, तिथे कोणी मान वर करून बोलेना. इस्पितळातलं ग्रंथालय आवडलं होतं, पण तिथे जागा नव्हती. आणि आज ही आवाजांची खोली.

“पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असतं,” त्याने एक फीत माझ्यापुढे धरली. “आवाज बिचारा उघडाच. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, आपणच शोधायचं. घ्या, वास घ्या.”

“आंबूस येतोय.”

“म्हणजे आजारी आहे, सडायला लागलीय. हिची नक्कल आधी करून ठेवायची.”

मी पुन्हा गेले. मग पुन्हा... कधी शंका विचारायला, कधी शंका नसतानाही. तो मन लावून शिकवायचा. बाहेर व्हरांड्यात चहा घेताना मी बोलायला लागले, की तो एकटक माझ्या ओठांकडे बघायचा. माझे शब्द अडखळायचे, कान तापायचे.

“असं काय बघता?”

“काही नाही... बोला ना तुम्ही.”

आणि मी वेडी, घरी जाऊन आरशासमोर उभी राहायचे.

एके दिवशी केंद्राच्या संचालकांनी मला बोलावलं. “ध्वनिसंग्रहाची जागा रिकामी होतेय. तो सोडून चाललाय. तुमचं नाव त्यानेच सुचवलं. करणार का?”

मी पायऱ्या उतरून तळघरात कधी पोचले, कळलंच नाही.

“मला काम शिकवत होतात, की तुमची जागा भरत होतात?”

तो वायर गुंडाळत होता. हात थांबले.

“डावा कान गेलाय,” तो हळू म्हणाला. “उजवाही जाणार, डॉक्टरांनी सांगितलंय. मागे एक फीत मी स्वच्छ म्हणून पुढे पाठवली... ती स्वच्छ नव्हती. सगळीकडे खरखर. मला ऐकूच आली नाही.”

मी त्याच्या हातातली वायर काढून बाजूला ठेवली.

“म्हणजे माझ्याकडे बघायचात... ते ओठ वाचायला?”

“हो. आधी.”

“आणि नंतर?”

“नंतर शब्द कळले तरी बघत होतो.” तो हसला नाही. “म्हणूनच सांगतो, इथेच थांबू या. आईला वाटतं, मी मुद्दाम उत्तर देत नाही. उद्या तुम्हालाही वाटेल.”

“मला काय वाटेल ते मी ठरवीन,” मी म्हणाले. रागाच्या भरात ‘तुम्ही’ कधी सुटलं, कोण जाणे. “आणि तुझी सोय झाल्याशिवाय मी या खुर्चीत बसणार नाही. ऊठ. आधी तुझं काम शोधू.”

मग आम्ही दोघं हिंडायला लागलो. एका महाविद्यालयात त्याला तोंडावर सांगितलं, “ऐकू येत नसेल, तर मुलांशी बोलणार कसे?” तो बाहेर पडला. रस्ता ओलांडताना डावीकडून ट्रक भोंगा वाजवत आला आणि तो तसाच चालत राहिला. मी हात धरून त्याला मागे खेचलं. ट्रक गेला. मी हात सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही.

शेवटी संग्रहालयात जुन्या छायाचित्रांच्या विभागात गेलो. तिथल्या प्रमुख बाईंनी बाजारपेठेचा एक फोटो त्याच्यासमोर ठेवला. नाव नाही, साल नाही. तो कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिला. “ही मोठी गर्दी बाजाराची नाही,” तो म्हणाला. “दुकानं बंद आहेत. आणि सगळे एकाच बाजूला बघतायत. कोणाला तरी निरोप देतायत.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “कान कोणाला हवेत? मला डोळे हवे होते. कधीपासून येता?”

तो तिकडे गेला, मी त्याच्या जागी. पहिल्या दिवशी हेडफोन लावले आणि एका बाईंचं गाणं कानात उतरलं—कधीच्या गेलेल्या, पण सूर असा, की जणू शेजारी बसून गातायत. त्याचा उजवा कानही आता जात चालला होता; हे त्याला कधीच ऐकवता येणार नव्हतं. मी फीत थांबवली आणि पोटभर रडले.

संध्याकाळी खुणांची भाषा शिकवणाऱ्या वर्गात आम्हा दोघांची नावं घातली. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, “भलतंसलतं मनात आणू नकोस हं. आयुष्यभर ओरडत बसशील त्याच्यावर.”

“बाबा, तुम्हाला आणि आईला तर छान ऐकू येतं. तरी ओरडताच की एकमेकांवर!”

आईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, “वर्ग किती वाजता असतो? उशीर होत असेल तर न्यायला येतो.”

वर्गातल्या बाई स्वतःही बहिऱ्या होत्या. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा त्यांनी प्रत्येकाला खुणेने विचारलं, तू कोणाबरोबर आलास? कोणी आई दाखवली, कोणी भाऊ. त्याची पाळी आली. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि हाताने एक खूण केली. वर्गात न शिकवलेली, त्याने कुठून तरी शिकून घेतलेली. मी गोंधळून बाईंकडे पाहिलं. त्या हसल्या, आणि फळ्यावर खडूने लिहिलं—

बायको.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. तो मात्र मान खाली घालून बसला होता. कानशिलं लाल, बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली.

मी बाईंना हातवारे करून विचारलं, ‘हो’ कसं म्हणतात? त्यांनी दाखवलं. घाईघाईत माझी खूण चुकली. बाईंनी माझं मनगट धरून बोटं नीट लावून दिली.

मी त्याच्या खांद्याला स्पर्श केला. त्याने मान वर केली. मी खूण केली.

तो बघतच राहिला. डोळे भरून आले होते, पुसायचंही भान नव्हतं. मग खुणेनेच म्हणाला—पुन्हा.

मी पुन्हा केली.