येते हं, पुन्हा येणार नाही

"चार," इंदुमती इंगवले म्हणाली.

"शंभरापैकी?" विश्राम चौगुलेंनी विचारलं.

"शंभरापैकीच."

काचेपलीकडच्या सेटवर केतकी सणगर अजून रडतच होती. चौगुलेंनी 'कट' म्हणून मिनिट होत आलं, तरी तिचे डोळे थांबत नव्हते. तिच्यासमोर नायक ओजस वायंगणकर खालचा ओठ थरथरवत उभा होता. त्यालाही कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं.

"अहो डॉक्टरीणबाई, पोरगी सकाळपासून बादलीभर रडली. तुमच्या यंत्राला आणि काय पाहिजे? रक्त?"

"रक्तच पाहिजे," इंदुमती म्हणाली.

कोल्हापूरच्या चित्रनगरीत तिची ही प्रयोगशाळा होती, आणि प्रेमपटांचं नशीब इथंच ठरत असे. संगणकानं घडवलेले नटनट्या आले, तेव्हा सुरुवातीला लोक खूश झाले होते. ती माणसं सांगाल तेवढं रडत, सांगाल तेव्हा मिठी मारत, आणि त्यांना चहाही लागत नसे. चारपाच वर्षांत प्रेक्षक इतके विटले, की प्रेमपट लागला की थिएटरात पाखरूही फिरकेना. मग चित्रगृहवाल्यांनी नियम केला. शेवटच्या निरोपाच्या दृश्याला अस्सलपत्र असेल, तरच चित्रपट लागेल. ते पत्र इंदुमतीच्या भावमापकावर पंचाहत्तर गुण मिळाले तरच मिळे.

चौगुलेंचे आधीचे दोन चित्रपट याच काचेपाशी अडले होते. दोन्ही डब्यात गेले, आणि मधे अकरा वर्षं गेली. हा तिसरा. येत्या शुक्रवारी तो लागला नाही, तर चौथा कुणी हातात देणार नव्हतं. साठीला आलेला माणूस, दुसरं काही येत नाही. शुक्रवार परवावर आला होता.

"नीट समजावून सांगा," ते खुर्ची ओढून बसले. "मी म्हशी राखून सिनेमात आलोय. तसं सांगा."

"मनात काही उठलं, की आधी कपाळाच्या कातडीखालचं रक्त हलतं. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ही रक्तलहर. चेहऱ्याचे स्नायू त्यानंतर हलतात, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शानं. ती स्नायुलहर. खऱ्या माणसात रक्त पुढे, चेहरा मागे. केतकीचा चेहरा धावत सुटतो आणि रक्त घरी झोपलेलं असतं."

"बरं. आणि गुण?"

"रक्त जेवढं हललं, त्यातून चेहरा जेवढा हलला तेवढं वजा करायचं. आत उठलं आणि बाहेर येऊ दिलं नाही, ते उरतं. तो संयमांक."

"म्हणजे तुम्ही दाबलेलं मोजता."

"दाबलेलंच. उधळलेलं मोजायला यंत्र कशाला लागतंय?"

चौगुले हसले नाहीत. "आणि शंभर म्हणजे काय? कुणाला पडलेत शंभर?"

"माझ्या आई-आबांना."

तिनं पडद्यावर एक जुनं चित्रण लावलं. मामानं मोबाइलवर घेतलेलं, सव्वा मिनिटाचं. कसबा बावड्यातल्या घराचं दार, दारात आई, समोर पायरीवर आबा. खांद्याच्या खालचं काही दिसत नव्हतं. आबा दोन वर्षांसाठी अंटार्क्टिकाच्या तळावर जनरेटर सांभाळायला निघाले होते. ते म्हणाले, "येतो." आई म्हणाली, "या." बस्स, एवढंच. दोघांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. पण खालच्या आलेखात रक्तलहर डोंगरासारखी उभी होती.

"मी तेव्हा पाच वर्षांची. याच्याएवढं दाबलेलं मी पुढं कुठंच पाहिलं नाही. म्हणून यालाच शंभर धरलं आणि यंत्र त्यावर लावलं."

चौगुले उठले आणि दारातून ओरडले, "केतकी! रडणं बंद. डोळे पूस, तोंड धू. ओजस, तो ओठ आवर, लाटणं फिरवल्यागत हलतोय. काहीच करायचं नाही. नुसतं बोलायचं."

"काहीच नाही म्हणजे किती काहीच नाही, दादा?" केतकीनं विचारलं.

"दगड हो."

दृश्य साधं होतं. रंकाळ्याच्या काठचा बसथांबा. नायिका नायकाला कायमची सोडून निघते. वाक्य चौगुलेंनी स्वतः लिहिलं होतं, आणि त्यावर त्यांचा जीव होता: 'जाते मी. पुन्हा येणार नाही.' सहायकांनी सांगून पाहिलं होतं, आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, कानाला टोचतं. चौगुले म्हणाले होते, टोचायलाच पाहिजे.

बावीस वेळा केतकीनं ते बरोबर म्हटलं. तेविसाव्या वेळी ती दमली होती, चेहरा मोकळा सोडला होता, पाठ केलेलं सगळं रडण्याबरोबर वाहून गेलं होतं. तिनं पिशवी खांद्याला लावली, ओजसकडे पाहिलं आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाली,

"येते हं. पुन्हा येणार नाही."

सेटवर कुणी हललं नाही. केतकीचे डोळे किंचित मोठे झाले. ओजसनं तिच्याकडे पाहिलं. त्याचं वाक्य होतं 'सांभाळून जा', पण ते यायला तीन सेकंद लागले.

"सांभाळून... ये," तो म्हणाला.

ती वळली आणि ताठ मानेनं चौकटीबाहेर गेली.

"त्र्याण्णव," इंदुमती म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. "दोघांनाही त्र्याण्णव!"

चौगुलेंनी टोपी काढून हवेत उडवली. ती वरच्या दिव्यात अडकली. "वाक्य चुकलं पोरीचं, पण बघा, काय झालं बघा! येते म्हणते आणि येणार नाही म्हणते. अहो, मी अकरा वर्षं लिहितोय, मला हे सुचलं नाही!" त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

इंदुमतीनं अस्सलपत्राचा कोरा कागद पुढे ओढला. तेवढ्यात सेटवरच्या ध्वनिक्षेपकातून काहीतरी ऐकू आलं. बसथांब्याच्या पुठ्ठ्यामागून. कुणीतरी गुदमरल्यासारखं.

"'सांभाळून ये' काय रे गाढवा! नक्की जाऊ का येऊ?"

"तू आधी 'येते' का म्हणालीस! माझ्या पोटात कळ आली. अजून एक सेकंद आणि मी फुटलो असतो."

मग दोघं फुटलेच. पुठ्ठ्याचा बसथांबा हलायला लागला.

इंदुमतीनं लेखणी खाली ठेवली. तिच्या यंत्रात एक तिसरी लहर होती, अजून कुठंही न वापरलेली. श्वासलहर. गळ्याच्या हाडाजवळची कातडी किती वरखाली होते, त्यावरून श्वास ओळखायचा. दाबलेलं रडू श्वास लांब ओढतं. दाबलेलं हसू त्याचे बारीक तुकडे करतं. तिनं तेविसावं दृश्य त्यातून काढलं. पडद्यावर शेवयांसारखे तुकडेच तुकडे पडले होते.

"दादा, हे प्रेम नाही. हसू आहे."

"मग?"

"मग काय, मी यावर सही कशी करू?"

चौगुले खाली बसले. त्यांचा आवाज शांत होता. "कागदावर काय लिहिलंय, वाचा."

"'या दृश्यातील भावना अस्सल असून ती आवरून धरलेली आहे.'"

"अस्सल आहे का?"

"आहे."

"आवरली आहे का?"

"आहे. पण कुठली भावना, ते नको का बघायला? लोक प्रेम समजून बघणार!"

"बाई, तुमचं यंत्र दाबलेलं मोजतं. काय दाबलंय, ते त्याला कधी कळत होतं? पोराच्या बुटात मुंगळा शिरला असता, तरी त्र्याण्णव दिले असते त्यानं."

हे इंदुमतीला आधीच कळायला हवं होतं. गणित तिचंच होतं.

"पण त्याला मोजायला लावलं, ते प्रेमावर," ती म्हणाली. "शंभर म्हणजे आई-आबा. ती पट्टी खरी आहे. तुमचं दृश्य त्या पट्टीवर बसत नाही. नाही सही करता येणार, दादा."

चौगुलेंनी मान हलवली. उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "जाता जाता एक मागतो. ती तिसरी लहर आई-आबांवरही चालवा. दोघांना एकच न्याय. लांब श्वास निघाला, की मी डबा बंद करून घरी जातो."

नाही म्हणायला कारण नव्हतं. तिनं जुनं चित्रण लावलं आणि श्वासलहर सोडली.

"येतो," आबा म्हणाले. "या," आई म्हणाली.

तुकडे. आबांचेही तुकडे, आईचेही तुकडे. केतकीपेक्षा बारीक, शेवयांच्याही शेवया.

चौगुलेंनी नजर काचेकडे वळवली. तेवढा समंजसपणा त्यांच्यात होता. इंदुमतीनं फोन उचलला.

"आई, आबा अंटार्क्टिकाला निघाले, त्या दिवशी दारात तुम्ही हसू दाबत होता?"

पलीकडं आधी एक बारीक आवाज, मग खदखदून हसणं. "अगं बाई! कळलं का शेवटी तुझ्या यंत्राला?"

"काय झालं होतं?"

"तुझा बाप एका पायात कोल्हापुरी पायताण आणि दुसऱ्या पायात न्हाणीतली निळी स्लिपर घालून निघाला होता! अंटार्क्टिकाला! मी बघितलं तेव्हा हे 'येतो' म्हणून चुकले होते."

"मग सांगायचं ना!"

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात होय? आणि..." आई थांबली. "सांगितलं असतं, तर ते परत आत आले असते. आत आले असते, तर मी दुसऱ्यांदा जाऊ दिलं नसतं. म्हणून म्हटलं, जाऊ देत तसेच."

मागून आबांचा आवाज आला. "तिला सांग, मला पायरीवरच कळलं होतं! एक पाय गार लागत होता. पण वळलो असतो, तर गेलो नसतो."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू गावभर कौतुकानं दाखवायचीस," आई म्हणाली. "म्हटलं, कशाला मोडता घाला? आणि उरलेली दोन मी दोन वर्षं दारातच ठेवली होती. एक पायताण, एक निळी. येणारेजाणारे म्हणायचे, टाकून द्या, जोड नाही. मी म्हणायची, जोड वाटेवर आहे."

"आणि पट्ट्या तुटेपर्यंत घातली मी," आबा ओरडले. "दोन्ही जोड!"

फोन ठेवल्यावर इंदुमतीनं आलेख पुन्हा पाहिला. या वेळी शेवटपर्यंत. आबा चौकटीबाहेर गेल्यानंतर मामानं मोबाइल आणखी चार सेकंद चालू ठेवला होता. आई दारात एकटी. तुकडे संपले होते. त्यांच्यामागून एकच श्वास, लांब, पडद्याच्या कडेपर्यंत गेलेला.

तिनं तेविसावं दृश्य पुन्हा लावलं. तेही तिनं मघाशी अर्ध्यावर थांबवलं होतं. केतकी वळून गेली, आणि कॅमेरा ओजसवर राहिला. तुकडे, तुकडे, आणि मग...

"लांब," चौगुले पुटपुटले. "हे कशाचं?"

इंदुमतीनं काचेतून पाहिलं. केतकी पिशवी घेऊन निघाली होती. ओजस बसथांब्यापाशी उभा राहून, कुणी बघत नाही अशा समजुतीनं, तिच्याकडे बघत होता.

"येते रे," केतकी न वळता म्हणाली.

"ये," ओजस म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

इंदुमतीनं सही केली आणि कागद चौगुलेंकडे सरकवला. "कशाचं ते यंत्र सांगत नाही, दादा," ती म्हणाली. "आणि आपणही त्याला सांगायचं नाही."