ड्यूकच्या मुद्रेवरचा स्वार

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीत, त्रेवारेकच्या किल्ल्यात, संत मार्टिनच्या सणाच्या संध्याकाळी हे घडलं. एर्वे तिथेच होता. राजमुद्रेसाठी मेण तापवणं हे त्याचं काम.

सकाळीच म्हातारा ड्यूक वारला होता.

बिशप गेनोल त्याचे चॅन्सलर. सगळा कारभार आणि मुद्रा त्यांच्या ताब्यात. स्वतःच्या चर्चमध्ये ते एकदाच गेले होते, बिशप झाले त्या दिवशी. पाऊस होता, म्हणून तिथूनही लवकर निघाले.

रिवाज असा, की ड्यूक गेला की त्याची, घोड्यावर बसलेला ड्यूक कोरलेली चांदीची मुद्रा चॅन्सलरनं दुसऱ्या दिवशी सरदारांसमोर फोडायची. हातोड्याचे तीन घाव. मेलेल्याच्या नावानं कुणी हुकूम काढू नये म्हणून.

बिशपांना नेमका तसलाच हुकूम काढायचा होता. 'गेनोल तहहयात चॅन्सलर.' तारीख मागच्या आठवड्याची.

"महाराज, पकडला गेलो तर मला फासावर देतील," एर्वे म्हणाला.

"तुलाच देतील. मी धर्मगुरू, मला कोण हात लावतो? दाब लेका."

शेजारच्या चॅपलमध्ये प्रेतापाशी स्तोत्रं चालली होती.

एर्वेनं मुद्रा दाबली. उचलली...

मेणात घोडा उमटला. घोड्यावरचा ड्यूक नाही.

"गाढवा, एवढंही जमत नाही?"

ताजं मेण ओतलं. पुन्हा दाबली.

स्तोत्रं थांबली... शब्द अर्ध्यावर टाकून.

अंगणात टापा वाजल्या. एकाच घोड्याच्या. एर्वेनं खिडकीतून पाहिलं. अंगणात कुणीच नव्हतं.

मुद्रा उचलली... खोगीर रिकामं.

"महाराज, सोडून द्या."

"काय, चॅन्सलरपद? वेड लागलंय का?"

तिसऱ्यांदा बिशपांनी स्वतः दाबली.

या वेळी स्वार होता...

डोक्यावर बिशपची उंच टोकदार टोपी. नाक, दुहेरी हनुवटी, सगळं गेनोल यांचं.

एर्वे दचकून मागे सरला. बिशप मात्र खूश! इतकी वर्षं ते मनातून स्वतःला तिथेच बघत आले होते.

"हुबेहूब आलंय, नाही?"

"महाराज, सरदारांनी बघितलं तर?"

"त्यांना घोडा दिसला की पुरे."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मुद्रा दगडावर ठेवली. बिशपांनी घाव घातला.

मुद्रेला चीर गेली... आणि 'कट्' असा आवाज आला. चांदीचा नव्हे.

बिशपांचा गुडघा उलट्या बाजूला वळला होता.

थांबावं, तर सगळे विचारणार, का थांबलात?

"बिशपमहाराज, अजून दोन राहिलेत," नवा ड्यूक म्हणाला. "वडिलांची मुद्रा जड जातेय का?"

"छे, छे! थंडीनं गुडघा धरलाय."

एर्वेनं डोळ्यांनी खुणावलं, नको. पण पद हाताशी आलं होतं. बिशपांनी हातोडा उचलला.

दुसऱ्या घावाला बरगड्या गेल्या.

तिसऱ्याला कसलाच आवाज आला नाही... आधी हातोडा खाली पडला, मागून बिशप.

"काय ही स्वामीनिष्ठा!" सरदार म्हणाले. "दुःखानंच गेला बिचारा."

तो हुकूम एर्वेनं शेकोटीत टाकला. मग मुद्रेचे तुकडे गोळा करून जुळवले. घोडा अख्खा सापडला. स्वार एकाही तुकड्यात नव्हता.

एर्वे आता नव्या ड्यूककडे आहे. नव्या मुद्रेचं मेणही तोच तापवतो. पण मुद्रा उचलताना डोळे गच्च मिटतो.

"नीट बघा," कारकुनाला विचारतो, "वर कोण आहे?"

"कोण म्हणजे? ड्यूक!" कारकून दरवेळी हसत सांगतो.

परवा मात्र त्यानं उत्तर द्यायला जरा वेळ लावला...