सोड म्हटल्याशिवाय

वीज गेली तसे आम्ही सगळे गच्चीच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. मोठे काका वरच्या पायरीवर, आम्ही मुलं खाली. काकांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांच्या शर्टाला कायम नव्या रबराचा वास येतो, म्हणून अंधारातही ते कुठे बसलेत ते कळतं.

माझ्या चुलत बहिणीला घरात सगळे प्रश्नपत्रिका म्हणतात. ती म्हणाली, "काका, भुताची गोष्ट सांगा. पण खरी हं."

"खोटं बोलता आलं असतं तर एव्हाना दुकानावर दुसरा मजला चढला असता," काका म्हणाले. "माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. मध्ये कोणी बोलायचं नाही."

ते जसं बोलले तसं लिहिते.

शनिवार होता. मी दुकानाचं शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात धाकटा आला. आमच्या मागच्या गल्लीत दोघा भावांचं गॅरेज होतं. सगळी गल्ली त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. थोरल्याला जाऊन महिना झाला असेल. गॅरेजमध्येच गेला, स्टुलावर बसल्या बसल्या. हातातला चहासुद्धा सांडला नव्हता.

धाकट्यानं काउंटरवर जुने पाइप ठेवले. रेडिएटरचे दोन जाड, पेट्रोलचा एक बारीक. लाकडासारखे कडक झालेले, वाकवले की भेगा दिसायच्या.

"असेच द्या. क्लिपा पण."

"कुठली गाडी?"

"दादाची. उद्या पहाटे वहिनी निघतेय. दुसऱ्या गावी नोकरी लागलीय तिला. ती आणि छकुली."

"चालवणार कोण?"

"वहिनीच."

"अरे, गाडी म्हातारी, रस्ता लांबचा. तू जा की बरोबर."

"जागा नाही. मागं सगळं सामान भरलंय."

भाऊ गेल्यापासून तो रडला नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. त्या दिवशी माझ्याकडे रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडा पडला होता, डोकं उठलं होतं माझं त्या वासानं. म्हटलं, "थांब, झाकण लावतो, वास फार येतोय." तर म्हणतो, "कसला वास?"

मी हसलो. मला वाटलं सर्दी झाली असेल.

आता त्या दोघांची कामाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोलचा पाइप काढला की लोखंडी नळीचं तोंड उघडं पडतं, पेट्रोल गळतं. दुसरे लोक तिथे बोल्ट खुपसतात. थोरला अंगठा लावायचा. धाकटा नवा पाइप मापात कापायचा, मग म्हणायचा, "सोड." की थोरला अंगठा काढणार, धाकटा पाइप चढवणार, आणि क्लिप आवळणार थोरला. सोड म्हटल्याशिवाय तो अंगठा हलवायचा नाही. एकदा धाकटा मध्येच फोनवर बोलायला गेला आणि विसरला. परत येऊन बघतो तर हा तसाच वाकलेला. "अरे बाबा, सोड म्हण की! पाठीचा काटा ढिला झाला!" सगळी गल्ली हसली होती.

लहानपणापासून तेच. पाइप चढवायचा धाकट्यानं. क्लिप आवळायची थोरल्यानं.

त्या रात्री धाकटा एकटा होता. शटर अर्धं खाली. वायरचा दिवा बोनेटला टांगलेला. आधी त्यानं रेडिएटरचे पाइप बसवले, आठवण ठेवून क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. पेट्रोलचा पाइप शेवटी ठेवला होता. नळीतला बोल्ट काढला, पाइप चढवला.

आणि पुसणं घेऊन हात पुसले.

क्लिप पाइपावर नुसतीच सरकवलेली. ढिली. त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या हातांचं काम पाइप चढवल्यावर संपायचं ना…

मग बॅटरीची वायर जोडली. पंपाची छोटी दांडी हातानं हलवून पेट्रोल वर चढवलं. बोनेट उघडंच ठेवलं आणि गाडीत येऊन बसला. साडेअकरा वाजून गेले होते. किल्लीला हात लावला.

टप… टप… टप…

त्याला वाटलं, मघाशी रेडिएटर भरताना पाणी सांडलं, तेच असणार. वास त्याला येत नव्हताच. त्यानं किल्ली धरली.

टप… टप…

आणि थांबलं.

धाकट्याचा हात तिथेच राहिला. गॅरेजमध्ये जन्म गेलेला माणूस. गळती अशी थांबत नाही. आधी हळू होते, मग थेंब लांबतात, मग थांबते. ही… कोणीतरी बोट ठेवावं तशी थांबली.

तो खाली उतरला. जमिनीवर ओल होती. त्यानं बोट टेकवलं. बोट गार पडलं आणि लगेच कोरडं झालं.

पाणी असं वाळत नाही.

किल्ली फिरली असती तर एक ठिणगी पुरली असती. आणि आज वाचला असता, तरी उद्या पहाटे वहिनीनं फिरवली असती. शेजारी छकुली.

त्याला भीती वाटली नाही. मला म्हणाला, भीती वाटायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

त्यानं दिव्याची पिन भिंतीतून काढली. अंधार. खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. बोनेटखाली वाकला. चाचपडत हात आत घातला. पंप सापडला. पंपावरून नळी. नळीवरून पाइप…

पाइपाच्या तोंडाशी अंगठा होता.

आधीपासून तिथे. दाबून धरलेला. रुंद. गार. नख मधोमध फाटलेलं… हातोडी बसून फाटलेलं नख, पुन्हा कधी जुळलं नव्हतं ते.

धाकट्यानं हात काढला नाही.

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"दादा…"

काही नाही.

"दादा, क्लिप राहिली माझ्याकडून."

काही नाही.

त्यानं क्लिप चाचपली. त्या अंगठ्याला लागून होती. स्क्रू आवळला. आणखी आवळला. पुरे झालं तरी आवळत राहिला. आता एवढंच राहिलं होतं… ते म्हणायचं.

ते त्याला म्हणता येईना.

तो वाकून उभा. अंगठा तसाच. किती वेळ, त्याला माहीत नाही. पाठ भरून आली. मग त्याला आठवलं, ह्याचीही पाठ भरून आली असेल.

"सोड," तो म्हणाला.

बोटांखाली नुसतं रबर उरलं.

काका थांबले. समोरच्या घरातही दिवे नव्हते.

"मग?" प्रश्नपत्रिकेनं हळूच विचारलं. "ते रडले का?"

"नाही. दिवा लावला, जमीन पुसली, हात धुतले. पहाटे वहिनीला किल्ली दिली. मी होतो तिथे. गाडी वळेपर्यंत छकुली हात हलवत होती आणि हा नुसता बघत होता. घरी जाताना मला म्हणाला, 'क्लिप आवळून दिलीय.' बस."

"आणि गाडी?"

"पोचली. पुढे पुष्कळ वर्षं चालली. मग पाइप पुन्हा बदलायला झाले, तेव्हा त्यानं त्या बारीक पाइपाचं टोक कापून मला आणून दिलं. घरात ठेववत नाही म्हणाला, आणि टाकवतही नाही. आज दुकान आवरताना सापडलं."

काकांनी खिशातून बोटभर लांबीचा रबरी तुकडा काढला आणि पायऱ्यांवरून खाली फिरवला. सगळ्यांनी नुसता हातात धरून पुढे दिला. माझ्याकडे शेवटी आला. रबर सुकून कडक झालं होतं, भेगा लागत होत्या. एका बाजूला मात्र खोलगट खळगा होता आणि त्याच्या कडेला नखाची खूण. एक नाही, शेजारी शेजारी दोन, मध्ये फट.

मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. खळगा मोठा होता.

अंगठा काढला तेव्हा तो गार पडला होता. आणि लगेच कोरडा झाला.

मी तुकडा काकांना परत दिला.