नसलेल्या स्क्रीनवरची विंडो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. छपाईसाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावणारी बाई आहे ती. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तिचा जीव वरखाली होतो. तिने सांगितलं तेच सांगतेय, पदरचं काही घालत नाही.

शनिवार होता. दुपारचे चार. तिच्या घरातली मागची खोली.

पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शेवटचे सात महिने त्याच खोलीत पडून होते. वाचा गेलेली, मानही हलत नव्हती. मावशीचं कामाचं टेबल पलंगाला लागूनच. तिने आपल्या कॉम्प्युटरला दुसरी स्क्रीन जोडली आणि डावीकडे, पलंगाकडे तोंड करून ठेवली. काम करता करता तिकडे फोटोंचा फोल्डर उघडून ठेवायची. काकांना वरचं दिसत नसे. म्हणून ती विंडो अगदी खाली ओढायची, बुटकी आणि रुंद करायची. उशीवरून दिसेल अशी.

"दिसतंय ना हो?"

काका पापणी मिटून हो म्हणायचे.

काका गेले. पंधरा दिवसांनी मावशीने ती स्क्रीन काढून शेजारणीला देऊन टाकली.

आणि तेव्हापासून तो फोल्डर उघडला, की स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर त्याचं नाव यायचं...

पण विंडो कुठेच नसायची.

माझा दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो आला आणि हसायलाच लागला. "अगं मावशी, विंडो शेवटी जिथे होती ती जागा आणि तो आकार मशीन लक्षात ठेवतं. त्याला वाटतंय, डावीकडे अजून स्क्रीन आहे." मग त्याने बाणाचं बटण दाबत दाबत विंडो डावीकडून ओढून आणली. खालच्या कडेला चिकटलेली. बुटकी, रुंद.

मावशीला भरून आलं.

दादाने विंडो मधोमध आणून बंद केली. "आता इथेच उघडेल बघ."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डावीकडे होती.

मावशीने फारसं मनावर घेतलं नाही. यांची सवय, जाता जात नाही, असं म्हणून ती रोज विंडो ओढून आणायची. खरं सांगायचं तर तिला ते जरा आवडायचंही.

अशातच लेकीचा फोन आला. दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन ती महिनाभर राहायला येणार होती. घरात खोल्या दोनच. बाळंतिणीला बरा पलंग एकच, काकांचा.

त्याच आठवड्यात मावशीने विंडो ओढली, तर ती खाली नव्हती. चार बोटं वर होती...

दोन दिवसांनी आणखी वर. आणि उंचही झालेली.

बसलेल्या माणसाला दिसेल अशी.

मावशीचं कामात लक्ष लागेना. लेकीला सांगावं, तर सांगायचं काय? तुझे बाबा उठून बसलेत? आणि न सांगावं, तर त्या पलंगावर बाळाला झोपवायचं कसं?

दादाला पुन्हा बोलावलं. त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या आणि स्वतः फोल्डर उघडला. पट्टीवर नाव आलं. विंडो नाही. या वेळी बाणाचं बटण बराच वेळ दाबावं लागलं.

विंडो आली... स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकलेली.

या वेळी दादा हसला नाही. "मावशी, सगळं पुसलंय. मशीनच्या हिशेबात आता डावीकडे स्क्रीनच नाही गं."

पाणीसुद्धा न पिता तो निघून गेला.

शनिवारी लेक आली. चार वाजता ती आंघोळीला गेली. बाळ पलंगावर झोपलेलं, दोन्ही बाजूंना उशा. तेवढ्यापुरती मावशी राखण करत टेबलाशी बसली. फोल्डर उघडायचा नाही, हे तिने सकाळीच ठरवलं होतं. आणि उघडलाही नाही.

नाव आपोआप आलं...

नळाचं पाणी वाजत होतं. मावशीने बाण दाबला. दाबतच राहिली.

विंडो आली. अगदी खालच्या कोपऱ्यात. तळहाताएवढी. आत एकच फोटो मावलेला: काकांच्या हातात तान्ही लेक. फोल्डरची विंडो इतकी लहान करताच येत नाही, असं दादा नंतर म्हणाला.

मावशीने मागे वळून पाहिलं.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. जिथे स्क्रीन असायची त्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत होतं. शांतपणे... कुणीतरी काहीतरी दाखवत असावं तसं.

मावशी बाळाला उचलून धूम बाहेर पळाली. जाता जाता वायरच उपटली. बाळाने जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना. लेक ओल्या केसांनी धावत आली.

"काय झालं आई?"

"खोलीत ओल आलीय," मावशी म्हणाली. "बाळाला नको तिथे."

महिनाभर लेक आणि बाळ पुढच्या खोलीतच झोपली. मागचं दार बंद.

लेक बाळाला घेऊन गेल्यावर मावशीने हिंमत करून कॉम्प्युटर लावला. फोल्डर उघडला. विंडो समोरच उघडली. बरोबर मधोमध.

डावीकडे ती त्यानंतर आपणहून एकदाही गेली नाही.

"नातच बघायला उठले असतील गं ते," मावशी मला म्हणाली. "आणि मी त्यांना घराबाहेर काढलं का?"

मला अजून त्या खोलीत बसवत नाही. मावशी मात्र रोज बसते. काम संपलं की विंडो खाली ओढते, बुटकी करते आणि डाव्या कडेपलीकडे ढकलून बंद करते.

सकाळी ती मधोमध असते...