मुखवट्याच्या कानात

"कोपऱ्यात कणगी हाय बघ. तुसात हात घाल, हळूच. पण राक्षशिणीला पालथीच काढ. तोंड वर करू नको."

कुंडलिक खाली शिडी धरून उभा होता आणि त्याचा मुलगा साईनाथ माळ्यावर रांगत होता. वैशाखातली दुपार होती. वर कौलं तापलेली, खाली शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा, आणि मधे माळ्यावर कोंडलेला, कुणी आत्ताच श्वास सोडल्यासारखा गरम काळोख.

"दिसत नाय बाबा काय."

"मग मोबाइलची बत्ती लाव. तेवढ्याला तरी उपयोगी पडू दे तो."

साईनाथने तुसात हात घातला. बोटांना आधी गार लाकूड लागलं, मग फडक्याची गाठ. राक्षसिणीचा मुखवटा वर्षभर असाच असायचा, भाताच्या तुसात पालथा, तोंडावरून फडकं घट्ट आवळलेला. त्याने तो छातीशी धरला तेव्हा जुन्या रंगाचा आणि रॉकेलचा वास आला. त्याच्या खाली आणखी एक वास होता. नुकतीच वेणी घातलेल्या बाईच्या डोक्याच्या तेलाचा. त्याने मान बाजूला वळवली आणि शिडी उतरला.

त्यांच्या पाड्यावर दरवर्षी बोहाडा व्हायचा. रात्रभर एकेक सोंग मुखवटा घालून मैदानात येतं, संबळाच्या तालावर नाचतं आणि जातं. प्रत्येक घराकडे एकेका सोंगाचा मान. कुंडलिकच्या घराकडे राक्षसिणीचा. ती सगळ्यात शेवटी यायची, उजाडताना, आणि वीराचं सोंग तिला मारायचं. औंदा कुंडलिकचा गुडघा गेला होता, म्हणून मान साईनाथकडे आला.

साईनाथला चार माणसांत बोलायची मोठी भीती. शाळेत बाईंनी उभं केलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. नववीतच त्याने दप्तर खुंटीला अडकवलं आणि आसनगावकडच्या गोदामात खोकी उचलायला लागला. मुखवटा आपल्याकडे येणार म्हटल्यावर त्याला एका गोष्टीचं बरं वाटलं. राक्षसिणीला बोलायचं नसतं. देवांची सोंगं बोलतात, विदूषक बोलतो, वीर तर इतका बोलतो की लोक उठून चहा पिऊन येतात. राक्षसीण फक्त किंचाळते आणि मरते.

तिला एकच काम जास्तीचं होतं. ही रीत त्यांच्या पाड्यापुरतीच. बाजूच्या पाड्यांना ती ठाऊक नव्हती. वर्षभरात एखादी बाई वाईट गेली असेल, कुणाला झाड लागलं, म्हणजे भुताने धरलं असेल, कुणी रानात जाऊन परत आली नसेल, तर ती हडळ होऊन घराला त्रास देते म्हणायचे. मग मैदानात संबळ थांबवायचा आणि गावचा म्हातारा नामाबाबा त्या बाईचं नाव मुखवट्याच्या कानात सांगायचा. "घे हिला." आतल्या माणसाने "हं" म्हणायचं. मग वीर राक्षसिणीला मारायचा आणि तिच्याबरोबर ती बाई सुटायची. बाप्या माणसाचं नाव कधी कुणी सांगितलं नव्हतं. बाप्ये झाडावरून पडून मेले, लॉरीखाली मेले, दारू पिऊन ओढ्यात मेले. ते नुसते मेले. त्यांचं भूत करायची कुणाला गरज पडली नाही.

औंदा एकच नाव होतं. समीक्षाचं. साईनाथच्या सख्ख्या बहिणीचं.

तिला मुरबाडच्या पलीकडे दिली होती. भादव्यात सासरच्यांचा फोन आला, समीक्षा काळू नदीवर धुणं घेऊन गेली ती आली नाही. अंग सापडलं नाही. चौकीत नुसतं हरवल्याचं लिहून घेतलं. दिवाळीनंतर तिचा नवरा पंढरी सांगायला लागला की ती दार वाजवते, उशाशी येऊन उभी राहते. मग कळलं, त्याला खर्डीचं स्थळ आलंय, आणि मुलीकडचे म्हणतात, आधी पहिलीचं काय ते करा.

साईनाथची आई, जनी, भादव्यातल्या त्या फोनपासून कमी बोलायची. त्याच्या थोडे दिवस आधी समीक्षा गणपतीत माहेरी आली होती तेव्हा जनीने तिला आंघोळ घातली होती, आणि तिच्या पाठीवर काय होतं ते तिने पाहिलं होतं. "माझी पोर वाहून नाय गेली," ती म्हणायची. "माझी पोर पळाली. जिती हाय ती कुठंतरी."

"मग आली का नाय घरी?" कुंडलिक विचारायचा.

"आली असती तर तुमी परत पाठवली असती. मागच्या टायमाला पाठवली तशी."

यावर कुंडलिक गुडघा चोळत बसायचा.

बोहाड्याच्या संध्याकाळी पंढरीची जीप आली. पंढरीने पांढरा शर्ट घातला होता. मागून त्याची आई देवकी उतरली, हातात नारळाची पिशवी.

"मामा, लवकर आटपेल ना?" पंढरीने उभ्या उभ्या विचारलं. "उद्या सकाळीच खर्डीला बोलावलंय."

"सोंग त्याच्या टायमाला येतं, जावई," कुंडलिक म्हणाला. "राक्षशिणीला काय फास्ट लोकल नसते."

पंढरी हसला. देवकीने जनीचा हात धरला. "विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका. पोरगी सुटेल बिचारी."

जनीने हात सोडवून घेतला आणि ती आत गेली. साईनाथ चुलीजवळ मुखवट्याला दोरी बांधत होता. बाईमाणसाने मुखवट्याच्या जवळ यायचं नसतं, म्हणून ती उंबऱ्यावरच थांबली.

"साया."

"आये?"

"तू मुखवट्याच्या आत जाणार. तिथं त्या सगळ्या असतात म्हणतात, नावं दिलेल्या." तिचा आवाज इतका हळू होता की चुलीतल्या काटकीची तडतड मोठी वाटत होती. "समी तिथं हाय का, बघशील?"

साईनाथने दोरी खाली ठेवली.

"असली तर हं म्हण. सुटू दे तिला. पण नसली... नसली तर म्हणू नको. बाबा बोलला, नामा बोलला, कोण पण बोलला तरी. मला तेवढंच कळू दे, रे."

बाहेर गेल्यावर साईनाथने बापाला विचारलं, "बाबा, आत काय ऐकू येतं?"

कुंडलिकने त्याच्याकडे बघितलं नाही. "संबळ ऐकू येतो. दुसरं काय ऐकायचं नाय. हं म्हणायचं न नाचायचं."

पूर्वेकडे फटफटलं तेव्हा राक्षसिणीला पुकारा झाला. हॅलोजन पिवळे पडले होते. मैदानाच्या एका अंगाला ताडपत्रीवर बायका बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोरं झोपलेली. साईनाथच्या तोंडावर मुखवटा चढवला, मागून गाठ मारली. मुखवट्याच्या ओठांवरचं फडकं रीतीप्रमाणे तसंच आवळलेलं होतं. बघायला नाकपुड्यांची दोन भोकं तेवढी. त्यातून दिसत होती चपलांनी तुडवलेली धूळ, वीराचे घुंगरू बांधलेले पाय आणि लांबवर पंढरीचा पांढरा शर्ट.

तो नाचला. कसा नाचला ते त्याला कळलं नाही, पाय आपसूक पडत होते. मग संबळ थांबला.

नामाबाबा डाव्या बाजूला आला. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास लाकडातून आत शिरला. "समीक्षा. पंढरीची बायको," म्हातारा कुजबुजला. "घे हिला."

साईनाथने श्वास धरला आणि ऐकलं.

आधी काहीच नव्हतं. मग नाकपुड्यांतला उजेड लांब जायला लागला, विहिरीच्या तळातून बघावं तसा. तेलाचा वास दाट झाला. आणि पाठीमागून, जिथं त्याचं स्वतःचंच डोकं होतं तिथून, बायकांची कुजबुज आली. रडणं नाही, ओरडणं नाही. सकाळी नळावर उभ्या असतात तशी.

"सरका गो जरा. जागा करा."

"कोण येतंय?"

"कुंडलिकची पोर."

"आगो, एवढीशी होती ती..."

"समे," साईनाथने अगदी हळू हाक मारली. "समे... हाईस का गो?"

मग एक म्हातारा आवाज कानाच्या पाळीला लागून आला. "कोण तू?"

"साईनाथ. भाऊ तिचा."

"ती नाय आली अजून."

"म्हंजे... जिती हाय?"

"आता हाय," म्हातारी म्हणाली. "तू हं म्हणलास की येईल. आमी तशाच आलो."

"तशाच म्हंजे... कशा?"

कुणीतरी हळूच हसलं. "मला नुसता ताप होता रे. घोंगडीखाली पडली होती. बाहेर संबळ ऐकत होती. मग थांबला, आणि माझंच नाव ऐकू आलं."

"मी डोळखांबच्या रानात लपली होती. मारायचा मला. ओढ्यावर पाणी पीत होती बघ. ओंजळ तशीच राहिली."

"मी तर बाजूच्या पाड्यावर भांडी घाशीत होती."

"मग कोणीतरी हं बोललं."

"कोण?" साईनाथने विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं.

"तुझा आजा," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मग तुझा बाप. मान तुमच्याच घराचा ना?"

बाहेर नामाबाबाने लाकडावर बोट आपटलं. "घे हिला," तो जरा मोठ्याने म्हणाला. साईनाथला लोकांची चुळबुळ ऐकू आली. कुणीतरी खाकरलं. "हं म्हण, साया," कुंडलिकचा आवाज आला, थरथरता.

"काय मेव्हणे, आत झोप लागली काय?" पंढरी ओरडला. माणसं हसली.

शाळेतल्या बाकाजवळ उभं असल्यासारखी साईनाथची जीभ टाळ्याला चिकटली. एवढ्या माणसांत, नामाबाबासमोर, बापासमोर. नुसतं हं म्हणायचं. ओठ उघडायची पण गरज नाही. आत त्या सगळ्या वाट बघत होत्या. मागे सरकून बसलेल्या, जागा करून. पण कुणीही त्याला हं म्हण म्हणत नव्हतं.

"नाय," साईनाथ म्हणाला.

पाड्याच्या आठवणीत त्या मुखवट्यातून हं सोडून आलेला तो पहिला शब्द. हसणं तुटलं. हे आपण बोललो, हे साईनाथला आजही पक्कं आठवतं. पुढचं तो बोलला नाही. त्याचे दात आवळलेले होते.

मुखवट्याच्या ओठांवरचं फडकं सैल झालं आणि खाली घसरलं. मुखवट्याच्या तोंडातून आवाज आला, एकीचा नाही, पुष्कळजणींचा, एकत्र बसून दळताना एका सुरात बोलावं तसा.

"पंढरी. देवकीचा पोर. घेऊ काय याला?"

मैदानात कुणी हललं नाही. वीराची लाकडी तलवार अर्धी वर होती, ती तिथंच राहिली.

मग ताडपत्रीकडून, बायकांतून, कुणीतरी उत्तर दिलं.

"हं."

संबळवाला घाबरून वाजवतच सुटला. नामाबाबा मागे हटला, त्याची टोपी पडली, ती त्याने उचलली नाही. राक्षसिणीला त्या वर्षी कुणी मारलं नाही. साईनाथ तसाच चालत मैदानाबाहेर आला आणि फणसाखाली बसला.

मुखवट्याची गाठ सुटेना. तेवढ्यात दोन हात मागून आले आणि त्यांनी ती सोडवली. जनीचे हात होते. बाईने हात लावायचा नसतो हे तिला कुणी सांगितलं नाही, तिने कुणाला विचारलं नाही.

"होती?" तिने विचारलं.

"नाय आये. तिथं नाय ती."

"नीट बघितलंस?"

"त्यांनीच सांगितलं. आली नाय बोलल्या."

जनी धुळीतच बसली. तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलत राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कुठंतरी भाकर खात असंल माझी पोर." आणि तिला हसू आलं, कित्येक महिन्यांनी.

ऊन पडलं. पोरं उठून रडायला लागली, माणसं खालमानेने घराकडे वळली. ते हं कुणी म्हटलं, हे कुणीच विचारलं नाही. बायका ताडपत्री झटकत होत्या. तिच्या मधोमध एकजण अजून बसून होती, म्हणून ती उचलता येत नव्हती.

देवकी होती. तिने दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

पंढरी तिच्यासमोर उभा राहिला. "आये, चल. कसला तमाशा लावलाय या लोकांनी. मी बघतो यांच्याकडे नंतर." तिने मान हलवली. "काय झालं? दाढ दुखते काय?" त्याने वाकून तिचे हात खाली ओढले. ओठ इतके घट्ट मिटलेले होते की पांढरे पडले होते. ती डोळे फाडून मुलाकडे बघत होती आणि नको नको अशी मान हलवत होती.

"आये, येतेस का नाय?"

तिचे ओठ उघडले नाहीत. तरी आवाज आला. स्पष्ट, शांत, कुणी अंगणातून हाक मारल्यावर द्यावा तसा.

"हं."

"मग ऊठ की," पंढरी म्हणाला. खिशातून चावी काढत तो वळला आणि जीपकडे निघाला.

मैदान काही मोठं नव्हतं. जीप समोरच, चिंचेखाली उभी होती. साईनाथ फणसाखालून बघत राहिला. सगळं गाव बघत होतं. पंढरी झपाझप चालत होता, हात हलवत, पांढरा शर्ट उन्हात चमकत. आणि जीप जवळ येत नव्हती.