मी बाजारात उतरले नाही

उबाय गावी धाकट्या बहिणीच्या मयताला गेले होते. पियांग तिचं नाव. दुपारच्या बसने दुएरोला, माझ्या घरी परतत होते. शेजारची कार्मिंग सोबतीला, म्हणजे बडबडीला. कांदिहाय मागे पडलं, वाळत्या मासळीचा वास सरला आणि गिंदुल्मानच्या रस्त्याकडेच्या बाजारापाशी बस थांबली.

मयताहून सरळ घर गाठायचं नाही, ही आमची रीत. वाटेत बाजारात टेकायचं, घोटभर कॉफी प्यायची. गेलेलं माणूस आपल्या पाठीमागे येतं, ते तिथल्या गर्दीत रमतं आणि आपली पाठ सोडतं.

"ऊठ गं," कार्मिंग म्हणाली.

"पाय दुखतात माझे."

"पाय दुखतात की डोकं फिरलंय? तिला घरी नेणारेस होय?"

"नेईन. तुझ्या घरी तर नाही ना आणत?"

ती फणकाऱ्याने उतरली. बाकीचेही उतरले.

खरं सांगते, नवरा गेल्यापासून माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पियांग मला हवीच होती. शेजारच्या जागेवरची पिशवी मी मांडीवर घेतली आणि बसून राहिले. बाहेर केळी भाजत होती. आसपासच्या साऱ्या गावांतले लोक आपापली गेलेली माणसं याच बाजारात सोडून जातात, हे मेलं तेव्हा डोक्यातच आलं नाही.

रिकाम्या बसची पायरी करकरली. शेजारची गादी हळूच दबली.

"आलीस...?" मी म्हटलं. डोळे भरून आले.

दिवेलागणीला घरी दोन ताटल्या मांडल्या. भात आणि तळलेला मासा.

"बस, पियांग."

समोरची खुर्ची सरकली. मी वेड्यासारखी हसले. मग समोरून कुणीतरी खाकरलं. जाड, म्हाताऱ्या पुरुषाचं खाकरणं.

"पियांग...?"

कार्मिंगकडे पळावं म्हणून उठले. नजर खाली गेली. माझ्या ताटलीतल्या माशाचे सगळे काटे कुणीतरी काढून कडेला ठेवले होते, अगदी बारीकसुद्धा. इतकं माझ्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं. मी परत बसले आणि जेवले.

तेवढ्यात बाहेर पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा...

त्यांच्यात पियांग असेल, म्हणून मी दार लावलं नाही.